‘कोणाकडून मिळाली’चा रकाना : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून काम सुरू. बेत असा: पंचाहत्तरी ओलांडलेल्या बारा जणांना भेटायचं. प्रत्येकाने जपून ठेवलेली एकच वस्तू घ्यायची, तिच्याबद्दल त्यांच्याच तोंडून ऐकायचं, आवाज रेकॉर्ड करायचा, वस्तूचे फोटो काढायचे आणि शेवटी एक फाइल त्यांच्या हाती द्यायची. बोलण्याचं काम माझ्याकडे. कॅमेरा, स्कॅनर, रेकॉर्डर सहकारिणीकडे.

फॉर्म काल रात्री केला. वस्तूचं नाव, कशाची बनली आहे, मापं, अंदाजे साल, कोणाकडून मिळाली, आताची अवस्था. सहा रकाने, एक पान. आटोपशीर झालाय, मी खूश आहे.

कोणाचंही नाव कुठे लिहायचं नाही, वस्तूवरूनच ओळखायचं असं ठरलं. म्हणजे स्लाइड रूलचे (हिशेबाच्या सरकत्या पट्टीचे) आजोबा, अल्बमच्या आजी, विणकामाच्या आजी. सहकारीण म्हणाली, ऐकायला टोपणनावांसारखं वाटतं. वाटू दे.

तयारी म्हणून थोडं वाचन केलं. ‘म्हातारी माणसं मागचंच उगाळत बसतात’ हे आपण सहज म्हणतो, आणि एके काळी तज्ज्ञही जवळपास तेच म्हणायचे: मन सैल पडल्याचं लक्षण. १९६३ साली रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने ते उलटवलं. उतारवयात माणूस मागे वळून बघतो तो आयुष्याचा हिशेब लावायला, ते स्वाभाविक काम आहे, असं त्याने मांडलं. या हिशेबातून कोणाला समाधान मिळतं तर कोणाला टोचणी लागते, हेही त्याने सांगितलं होतं. हा दुसरा भाग लोक सोयीने विसरतात.

९ जानेवारी

पहिली भेट, स्लाइड रूलचे आजोबा. वय ८३, इंजिनियर होते.

पट्टी चामड्याच्या म्यानात आहे. म्यानाची शिवण एका बाजूने उसवलेली. पट्टी लाकडी, वर पांढरं सेल्युलॉइड, ते आता जुन्या दातांच्या रंगाचं झालंय. मधली पट्टी सरकते. वरून काचेचा छोटा चौकोन फिरतो, त्याला ते कर्सर म्हणतात. कर्सरवर केसासारखी बारीक उभी रेघ, आणि त्या रेघेला छेदून गेलेला एक तडा.

“दोन गुणिले तीन करून दाखवतो,” म्हणाले. सरकत्या पट्टीवरचा १ खालच्या पट्टीवरच्या २ वर आणला, कर्सर वरच्या ३ वर नेला, रेघेखाली खालच्या पट्टीवर ६. मग म्हणाले, “आता नीट बघ, आकडे सारख्या अंतरावर नाहीत.” खरंच नव्हते. १ ते २ ही जागाच पट्टीची ३० टक्के लांबी खाते, आणि ९ ते १० पाच टक्क्यांतही मावतं. ही लॉगॅरिथमची मापं, गुणाकाराचं काम बेरजेवर भागवणारी. “आणि पट्टी फक्त आकडे देते हं. सहा की साठ की सहाशे, ते दशांशचिन्ह माणसाने डोक्यात ठेवायचं.”

१९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच या पट्ट्या बनवणं थांबलं. आजोबांनीही कॅल्क्युलेटर वापरला, वर्षानुवर्षं. पट्टी मात्र टेबलाच्या खणात राहिली.

कोणाकडून मिळाली? “थोरल्या भावाने दिली. मी पास झालो तेव्हा.” रकाना भरला.

१० जानेवारी

तांत्रिक: रेकॉर्डर थेट टेबलावर ठेवला तर वस्तू खाली ठेवल्याचा प्रत्येक ठोका आवाजात येतो. खाली चार पदरी घडी केलेलं कापड घालायचं. पट्टी सरकल्याचा आवाज मात्र सुरेख आलाय, तो ठेवते.

१५ जानेवारी

आज माझ्या हातून नुकसान झालं. लिहून ठेवते.

अल्बमच्या आजींचा अल्बम चिकट पानांचा आहे. पानाला गोंदाच्या रेघा, वर पारदर्शक प्लॅस्टिक. फोटो ठेवला की बसतो. अशा अल्बमचा गोंद वर्षं उलटतात तसा कडक होतो, पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीत शिरतो. हे मला माहीत होतं. तरी एक कोपरा आपसूक सुटलेला दिसला म्हणून बोटाने हळूच ओढलं. निम्म्यावर फोटो वाकला, वरचा थर तडकला, आणि उजवीकडे उभ्या मुलीच्या खांद्यावरून पांढरी भेग गेली.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आजींनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “ती तशीही मला आवडत नव्हती.” मग एकदम हसल्या. मला हसता आलं नाही. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं होतं, हे कळत होतं.

पुढच्यासाठी: ओढायचं नाही. आधी पान आहे तसं स्कॅन करायचं, ६०० डीपीआय. काढणं भागच असेल तर दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा सावकाश फिरवायचा. तोही अडला तर सोडून द्यायचं. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने काही लिहायचं नाही, शाई उमटते आणि दाबाचे वळ पुढच्या बाजूला दिसतात. मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला.

१९ जानेवारी

अल्बमचे सुटे फोटो (हे आधीच सुटलेले, मी काढलेले नव्हेत) आम्ही आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत घातले आणि तारखेप्रमाणे लावून आजींना दाखवायला नेले. त्यांनी चार पाकिटं उघडली आणि पाचवं तसंच ठेवलं. “हे कोणाचे फोटो?”

त्यांचेच होते. झालं असं, की त्यांच्या अल्बमात लग्नाच्या फोटोशेजारी वीस वर्षांनंतरचा एका हॉस्पिटलबाहेरचा फोटो होता. आम्हाला ती गफलत वाटली. तशी ती नव्हती. लग्नात पाठीमागे उभी असलेली मैत्रीणच पुढे त्या हॉस्पिटलात रात्रभर सोबतीला बसली होती. पानं माणसांप्रमाणे लावलेली होती, सालाप्रमाणे नव्हेत. आम्ही सालवार लावली आणि गोष्टी तुटल्या.

अभिलेखागारात काम करणाऱ्यांना हे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी जी नियमावली छापली, तिचा कणाच हा: कागद ज्या क्रमाने आले, तो क्रम मोडू नका. मोठमोठ्या दप्तरांसाठीचा नियम एका अल्बमला लावायचा हे आम्हाला सुचलं नाही, एवढंच. सहकारिणीकडे सगळ्या पानांचे पहिल्या दिवशीचे फोटो होते म्हणून वाचलो. संध्याकाळपर्यंत पुन्हा जुन्या क्रमाने लावून झालं.

२४ जानेवारी

स्लाइड रूलचे आजोबा, दुसरी भेट. कर्सरच्या तड्याबद्दल विचारायला गेले होते. बोलता बोलता म्हणाले, “ही मी पहिल्या पगारातून घेतली ना, तेव्हा...”

मी पटकन म्हणाले, “पण आजोबा, ही तुम्हाला भावाने दिली ना? मागच्या वेळी तसं सांगितलंत.”

ते थांबले. पट्टी म्यानात घातली, म्यानाचा बंद लावला. “असेल. तुमच्याकडे लिहिलेलं आहे म्हणजे तसंच असेल.” त्यानंतर पंधरा मिनिटं हो आणि नाही. ‘तू’वरून ‘तुमच्याकडे’वर आले, तिथेच मला समजायला हवं होतं.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. माझं ते वाक्य ऐकवत नाही. सरळ उलटतपासणी. वर ‘दिली ना?’ हा प्रश्नही नाही, उत्तर हातात देऊन मान डोलवायला सांगणं आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाला’ अशा जोराचं क्रियापद घातलं की लोक वेग जास्त सांगायचे. आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? जोराचं क्रियापद ऐकलेल्यांपैकी जास्त जण ‘हो’ म्हणाले. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच. हे वाचलेलं असूनही मी ‘ना’ लावून विचारते, म्हणजे कमाल आहे.

दुसरं हे, की दोन हकिकतींतली एक खोटी असलीच पाहिजे असं मी धरून चालले. आठवण कपाटातून काढल्यासारखी अख्खी बाहेर येत नाही, दर वेळी नव्याने रचली जाते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हे मांडलं. त्यांनी लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने पुनःपुन्हा सांगायला लावली. दर खेपेला कथा आखूड होत गेली आणि सांगणाऱ्याच्या ओळखीची होत गेली. सीलच्या शिकारीचं साधं मासे पकडणं झालं. सांगणारे खोटं बोलत नव्हते.

२ फेब्रुवारी

विणकामाच्या आजी. स्मृतिभ्रंश आहे, निदान होऊन चार वर्षं झाली. लेक शेजारी बसली होती. आजींना तिचं नाव आज आठवत नव्हतं, पण ती आपली आहे हे कळत होतं.

वस्तू म्हणजे कापडी पिशवी. तिच्यात विटकरी लोकर, धातूच्या दोन सुया, आणि स्वेटरची अर्धी बाही.

मी फॉर्म काढला, ही कधीची, कोणासाठी, असं विचारत गेले. आजी नुसत्या बघत राहिल्या, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी भीती. लेकीने मला खुणेने थांबवलं आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. पुढचं मी नुसतं बघितलं. डाव्या हाताच्या तर्जनीवर धागा एकदा गुंडाळला गेला. सुई टाक्यात शिरली, धागा ओढून बाहेर आली. सुलट, उलट, सुलट, उलट. नजर खिडकीकडे. ओळ संपली की सुया आपोआप हात बदलायच्या. एक टाका निसटला, तो त्यांनी न बघता बोटाने चाचपून उचलला. आणि चौथ्या ओळीला कोणी काही न विचारता बोलल्या, “याचे हात लांब आहेत. बाही पुरत नाही कधी.”

याचे म्हणजे कोणाचे, ते लेकीलाही ठाऊक नाही.

घटनांची आठवण आणि हाताची सवय या मेंदूत वेगळ्या वाटा आहेत, हे ज्या रुग्णामुळे उघड झालं त्याला शास्त्रात एच. एम. म्हणतात. १९५३ मध्ये अपस्मारासाठी त्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, आणि आपण हे आधी कधी केलंय हेच त्याला आठवत नव्हतं. अल्झायमरमध्येही सुरुवातीला घाव बसतो तो घटनांच्या आठवणीवर. हाताने शिकलेलं पुष्कळदा मागून जातं.

फॉर्मचे चार रकाने रिकामे राहिले. रेकॉर्डिंग एक तास दहा मिनिटांचं, त्यात बोलणं जेमतेम तीन मिनिटांचं.

६ फेब्रुवारी

आज एका आजोबांनी दारातच सांगितलं, “माझ्याकडे जपलेलं काही नाही.” मला वाटलं, लाजतायत. तसं नव्हतं. सत्तरीनंतर दर वाढदिवसाला ते काहीतरी देऊन टाकतात. घड्याळ नातवाला, पेन शेजाऱ्याला. “वस्तू माझ्याकडे राहिली तर ती माझी आठवण मला करून देणार. मला माझी आठवण कशाला? दुसऱ्याकडे असली तर निदान कामाची.”

१९७७ मध्ये शर्मन आणि न्यूमन यांनी वृद्धांना त्यांच्या जपलेल्या वस्तूंबद्दल विचारलं होतं. ज्यांना अशी एकही वस्तू सांगता आली नाही, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी आढळलं. खरं असेल, पण वस्तू गेल्यामुळे समाधान गेलं, की घर सुटण्यासारख्या एखाद्या कारणानेच दोन्ही नेलं? आणि स्वतःच्या हाताने वाटून टाकलेलं हे ‘नसण्यात’ धरायचं का? या आजोबांची नोंद करायची ठरवली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं: दिल्या.

१३ फेब्रुवारी

विणकामाच्या आजींच्या लेकीचा फोन. बाही आता काढून घ्यावी आणि काचेच्या चौकटीत बसवावी, असं तिला वाटतंय. कारण विणून झालं की आजी उसवतात. रोज. पुन्हा टाके घालतात, पुन्हा उसवतात. एकच लोकर इतक्या वेळा ओढली गेल्यामुळे पीळ सुटतोय, मध्ये दोनदा धागा तुटून गाठ मारावी लागली. “आईच्या हातचं शेवटचं आहे हो. असंच चाललं तर काहीच उरणार नाही.”

सहकारीण तिच्या बाजूची. वस्तू जपणं हे तिचं कामच आहे. लोकरीला कसर लागू नये म्हणून हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचं, मग अंधारात सपाट ठेवायचं, हे सगळं तिने मला मांडून दाखवलं. मी म्हटलं, दोन आठवडे आजींनी हात कुठे ठेवायचे?

तासभर वाद. कोणी हरलं नाही. शेवटी तोडगा लेकीनेच काढला: त्याच जाडीची, त्याच रंगाची नवी लोकर पिशवीत ठेवून बघू. जमलं तर जुनी बाही हळूच काढून घेऊ.

१७ फेब्रुवारी

जमलं नाही. आजींनी नवा गुंडा हातात घेतला, नाकाशी नेला, बाजूला ठेवला. जुना शोधत पिशवी उलटी केली.

वासाचं मला आधी सुचायला हवं होतं. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. वासाची वाट मात्र त्या नाक्यावर न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी पोचते. नव्या लोकरीला दुकानाचा वास होता. लेकीने नवा गुंडा जुन्याच पिशवीत महिनाभर राहू द्यायचं ठरवलंय. तोपर्यंत बाही आजींकडेच.

२० फेब्रुवारी

बारापैकी दहा झाले. साल लावता येतील अशा वस्तू आठ. त्यांतल्या सहा मालकांच्या पंधरा ते तीस या वयातल्या. वाचलेल्याशी जुळतं: उतारवयातल्यांना आठवणी विचारल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या जास्त निघतात. १९८६ मध्ये डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा हा उंचवटा स्पष्ट दिसला. पहिली नोकरी, पहिलं घर, पहिलं प्रेम तिथेच येतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. पण आठ वस्तूंवरून मी काही सिद्ध करायला जाणार नाही. घर बदलताना लहान आणि न फुटणारंच सोबत येतं, हेही आहेच. कपाट जपावंसं वाटलं तरी खोलीत मावत नाही.

घरच्यांपैकी एकाने विचारलं, याने आईची स्मृती सुधारेल का? नाही म्हटलं. स्मृतिभ्रंशात आठवणी जागवण्याच्या उपचारांवर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१८ चा आढावा आहे, २२ अभ्यासांचा. फायदे दिसतात ते छोटे, आणि सगळीकडे सारखे नाहीत. दुपार बरी जाईल, एवढंच मी सांगू शकते.

२७ फेब्रुवारी

फॉर्म बदलला. मापं आणि अवस्था आता शेवटी. ‘अंदाजे साल’ काढून टाकलं, बोलण्यात आलं तर लिहायचं. ‘कोणाकडून मिळाली’ ठेवलं, पण त्याखाली एक ओळ होती तिथे अर्धं पान, आणि प्रत्येक हकिकतीपुढे भेटीची तारीख. पहिली खोडून दुसरी लिहायची नाही. नवा रकाना: ‘हातात घेतल्यावर काय केलं’. वस्तू हातात दिल्याशिवाय पहिला प्रश्न विचारायचा नाही, हा नियम सगळ्यात वर, लाल अक्षरांत. माझ्यासाठीच.

५ मार्च

स्लाइड रूलचे आजोबा पुन्हा भेटायला तयार झाले. सहा आठवडे लागले. गेल्या गेल्या माफी मागितली. “कशाबद्दल?” म्हणाले. खरंच विसरले होते की मला सोडवत होते, कळलं नाही.

या वेळी पट्टी त्यांच्या हातात, आणि मी एवढंच म्हटलं, “म्यानाबद्दल सांगा.” म्यानाच्या झाकणाच्या आत निबने कोरलेली दोन अक्षरं आहेत. ती ना त्यांची, ना भावाची. ते मी पहिल्याच दिवशी फोटोत पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

“अगं, हे म्यान या पट्टीचं नाहीच. वर्गात एक होता, त्याचं. परीक्षेच्या हॉलमध्ये अदलाबदल झाली. त्याचं म्यान माझ्याकडे, माझं त्याच्याकडे.” थोडं थांबून, कर्सर पुढेमागे करत: “आता पट्टीची पण झाली होती का, देव जाणे.”

मग भाऊ? “भावाने दिलीच. आणि पहिला पगार झाला तेव्हा त्याचे पैसे मी देऊन टाकले, त्याने नको नको म्हणताना. का दिले कोण जाणे. त्याला वाईट वाटलं.” बराच वेळ ते पट्टी नुसती सरकवत होते. रेकॉर्डिंगमध्ये तेवढाच आवाज आहे.

निघताना विचारलं, फाइलमध्ये तिन्ही लिहू का? “लिही की. आकडे तुला दिलेत, दशांशचिन्ह तू दे.”

दिलेलं नाही. तिन्ही तारखांसकट तसंच लिहिलं.

१२ मार्च

फाइली वाटायला सुरुवात. अल्बमच्या आजींच्या फाइलीत भेग गेलेला फोटो आहे तसाच छापला, खाली माझ्या चुकीची तारीख. विणकामाच्या आजींच्या ‘आताची अवस्था’ रकान्यात लिहिलं: दर भेटीला वेगळी. आज बाही चार बोटं होती.

स्लाइड रूलच्या आजोबांनी फाइल चष्मा पुसून सावकाश वाचली. तीन हकिकतींचं पान काही न बोलता उलटलं. मापांपाशी थांबले आणि पेन्सिल मागितली. मी लांबी ३० सेंटिमीटर लिहिली होती. ती अख्ख्या पट्टीची. त्यांनी ती खोडून शेजारी लिहिलं: मोजपट्टी २५. मग खाली सही केली आणि म्हणाले, एवढी एक चूक सोडली तर ठीक आहे.